रुग्णासाठी संत्रे, मोसंबी, पपनस सोलताना: कोणती साल काढायची, कोणती ठेवायची

रुग्णाला भेटायला जाताना संत्री-मोसंबी नेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशेजारच्या कपाटावर एक तरी पिशवी दिसते. त्यामुळे राउंड संपता संपता नातेवाईक हमखास विचारतात, “डॉक्टर, यांना संत्रे दिले तर चालेल ना?” बहुतेक वेळा उत्तर “चालेल” असेच असते. पण ते उत्तर अपुरे आहे. संत्रे चालते की नाही, याइतकेच ते कसे सोलून दिले जाते, हेही महत्त्वाचे असते. ज्या फोडीमुळे एकाचे पोट साफ होते, तीच फोड दुसऱ्याच्या आतड्यात अडकू शकते किंवा तिसऱ्याला ठसका लावू शकते.

या फळांना एक नाही, तर तीन आवरणे असतात. सगळ्यात बाहेर रंगीत साल. तिच्यात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. सोलताना डोळ्यात उडते आणि झोंबते ते हेच तेल. तिच्या आत पांढरी, मऊ, स्पंजासारखी साल. संत्र्यात ती अगदी पातळ असते आणि फोडींवर पांढऱ्या धाग्यांसारखी राहते. मोसंबीत ती घट्ट चिकटलेली असते. पपनसात तर ती चांगली बोटभर जाड असते. तिसरे आवरण म्हणजे प्रत्येक फोडीवरचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. खरा गर, म्हणजे रसाने भरलेल्या इवल्या पिशव्या, या पापुद्र्याच्या आत असतो.

पांढरी साल आणि पापुद्रा हे दोन्ही तंतुमय पदार्थ आहेत. त्यांत मुख्यतः सेल्युलोज आणि पेक्टिन असते. सेल्युलोज पचवणारे पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. दात ते चावून बारीक करतात, जठर घुसळते, आणि उरलेला चोथा आतड्यातून पुढे सरकत बाहेर पडतो. दात, जठर आणि आतडे धड असतील तर हा चोथा फायद्याचा ठरतो. यातले एखादे काम करत नसेल तर सोलण्याची पद्धत बदलावी लागते.

आधी धुवायचे, मग सोलायचे

“साल तर फेकूनच देणार, मग धुवायचे कशाला?” असे अनेकांना वाटते. पण सुरी किंवा अंगठ्याचे नख सालीतून आत शिरते तेव्हा सालीवरची माती आणि जंतूही सोबत आत जातात. फळ वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा आणि स्वच्छ फडक्याने कोरडे करा. साबण वापरू नका. ओले फळ सुरीखाली निसटते, म्हणून कोरडे करणेही तितकेच गरजेचे आहे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तिथे तर ही पायरी टाळूच नका. अशा रुग्णाला घरी, समोर सोललेले फळ द्या. गाडीवरचा रस किंवा आधीच कापून ठेवलेल्या फोडी नकोत. तोंडात फोड आले असतील तर ते भरेपर्यंत आंबट फळ बंदच ठेवलेले बरे, कारण झोंबल्यामुळे रुग्ण बाकीचे अन्नही घेईनासा होतो.

संत्रे

संत्र्याला सुरी लागत नाही. देठाकडच्या खोलगट भागात अंगठा रोवला की ढिली साल सहज सुटते. साल काढल्यावर फळाचे अंगठ्याने दोन भाग करा आणि फोडी एकेक करून सोडवा. निरोगी माणसासाठी सोलणे इथेच संपते. पांढरे धागे वेचत बसण्याची गरज नाही. ते कडवट लागत असतील तर काढा, पण ते अपायकारक असतात हा समज चुकीचा आहे.

पापुद्रा काढायचा असेल तर फोडीची मधली, सरळ कड शोधा. फळाच्या मध्याकडे असलेली ही कड बाकी पापुद्र्यापेक्षा जाड असते आणि बियाही तिथेच असतात. स्वच्छ कात्रीने ती कड छाटा, बिया बाहेर काढा आणि फोड दोन्ही बाजूंनी उलटी करा. लहानपणी आपण सगळ्यांनी फोड अशी उलटी करून खाल्लेली असते. गर मोकळा दिसू लागला की चमच्याने किंवा बोटाने तो पापुद्र्यापासून सोडवा. एका संत्र्याला पाच-सात मिनिटे लागतात. डब्यातल्या गुळगुळीत, बिनपापुद्र्याच्या फोडी हाताने सोललेल्या नसतात. कारखान्यात त्या आधी सौम्य आम्लात आणि मग अल्कलीत बुडवून, धुऊन तयार करतात. तो प्रयोग घरी करू नये. शिवाय त्या डब्यात बहुतेक वेळा साखरेचा पाक असतो, हे मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

मोसंबी

मोसंबीची साल हाताने नीट निघत नाही. घरोघरी आपण तिचे चार तुकडे करतो आणि चोखून खातो. दात आणि गिळणे चांगले असेल तर ते ठीकच आहे. पण आजारी माणसाला बिनपापुद्र्याचा गर द्यायचा असेल तर छोटी, धारदार सुरी आणि लाकडी पाट घ्या. सुरी बोथट असेल तर जास्त जोर लावावा लागतो आणि बोट कापते.

मोसंबीच्या वरच्या आणि खालच्या टोकाची चकती गर दिसेपर्यंत कापा. आता फळ पाटावर उभे ठेवा, ते हलणार नाही. सुरी वरून खाली, फळाच्या गोलाईबरोबर फिरवत हिरवी-पिवळी साल आणि तिच्या खालची पांढरी साल एकदमच काढा. थोडा गर गेला तरी चालेल. सगळी साल निघाली की फळावर उभ्या पांढऱ्या रेषा दिसतात. या रेषा म्हणजे दोन फोडींमधले पापुद्रे. एका रेषेला लागून आतल्या बाजूने मध्यापर्यंत काप द्या, मग त्याच फोडीच्या दुसऱ्या रेषेलगत तसाच काप द्या. मधली गराची फोड पापुद्रा मागे ठेवून सुटी होते. खाली वाडगा ठेवा, रस वाया जात नाही. सगळ्या फोडी काढून झाल्यावर हातात उरलेला चोथा पिळा, त्यातूनही थोडा रस निघतो.

मोसंबीचा रस मिक्सरमध्ये काढत असाल तर बिया आधी काढा. बिया भरडल्या गेल्या की रस कडू होतो. रस ठेवून दिला तरी कडवटपणा वाढतो, कारण गरातले एक द्रव्य रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू कडू रूप घेते. “सकाळी गोड होता, दुपारी कडू झाला, म्हणजे मोसंबीत काहीतरी टोचलेले असणार” अशी शंका नातेवाईक बोलून दाखवतात. फळात भेसळ असल्याची ही खूण नाही. रस काढल्याबरोबर द्या, एवढेच.

जठराचे ऑपरेशन झालेल्यांनी हे जरूर वाचावे

अल्सर किंवा कॅन्सरसाठी जठराचा काही भाग काढलेला असतो, किंवा जठर आणि आतडे नव्याने जोडलेले असते, अशा रुग्णांबद्दल मला इथे मुद्दाम लिहायचे आहे. कारण डिस्चार्जच्या वेळी पथ्याच्या कागदावर ‘फळे खावीत’ एवढेच लिहिलेले असते.

निरोगी जठराच्या तोंडाशी एक झडप असते. अन्न पुरेसे बारीक होईपर्यंत ती त्याला पुढे जाऊ देत नाही. ऑपरेशननंतर ही झडप काढलेली असते किंवा अन्न तिला वळसा घालून जाते. आम्ल कमी झालेले असते, घुसळणेही मंदावलेले असते. अशा वेळी न चावता गिळलेली संत्र्याची फोड जवळपास आहे तशीच लहान आतड्यात उतरते. तिथे गर विरघळतो, पण पापुद्रे आणि पांढरे धागे उरतात. ते एकमेकांत गुंतून त्यांचा घट्ट गोळा होतो. हा गोळा लहान आतड्याच्या शेवटच्या, अरुंद भागात अडकला की आतडे बंद पडते. वैद्यकीय पुस्तकांत जठराच्या ऑपरेशननंतर अशा गोळ्याला कारणीभूत होणाऱ्या फळांमध्ये संत्रे ठळकपणे येते. कधी कधी तो गोळा काढायला पुन्हा ऑपरेशन करावे लागते.

जठराचे ऑपरेशन झालेल्या आणि त्यातही दात नसलेल्या किंवा कवळी न लावता खाणाऱ्या माणसाला धोका सर्वांत जास्त असतो. अनेक वर्षांच्या मधुमेहामुळे जठराची हालचाल मंदावली असेल, तर तिथेही हीच काळजी घ्या. क्षयरोग किंवा क्रोन्स आजारामुळे आतडे कुठे अरुंद झाले असेल, तरीही तसेच.

या सर्वांना संत्रे-मोसंबी बंद करायची का? नाही. त्यांना वर सांगितल्याप्रमाणे पापुद्रा, धागे आणि बिया काढलेला गर थोडा थोडा द्या, किंवा गाळलेला रस द्या. ऑपरेशनला किती वर्षे झाली यावर विसंबू नका, कारण जठराची रचना बदलली ती कायमचीच. घरात नातवंडे फोडी खात बसलेली असतात आणि आजोबाही त्यांतल्या दोन-चार तोंडात टाकतात. तेव्हा घरातल्या सर्वांना हे माहीत असू द्या.

पोटात मुरडा मारून कळा येणे, पोट फुगणे, उलट्या होणे आणि शौचास किंवा वारा सरणे बंद होणे ही आतडे अडल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी जुलाबाचे औषध किंवा एरंडेल देऊ नका, काही खायला-प्यायला देऊ नका, लगेच रुग्णालयात या. आणि संत्री खाल्ली असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. सहसा कोणी सांगत नाही, कारण संत्र्यावर कोणाचा संशय जात नाही.

पक्षाघातानंतर ठसका लागत असेल तर

पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा घशाच्या काही आजारांत गिळण्याचा समन्वय बिघडतो. अशा रुग्णाला फळ मऊ आहे म्हणून संत्र्याची फोड दिली जाते. पण फोड फसवी असते. दाताखाली फुटताच तिच्यातला पातळ रस झटकन घशाकडे धावतो आणि पापुद्रा मात्र तोंडातच घोळत राहतो. घट्ट आणि पातळ असे दोन्ही एकाच घासात सांभाळणे हे गिळण्याच्या दृष्टीने अवघड काम आहे. रस श्वासनलिकेत गेला तर ठसका लागतो, आणि वारंवार असे झाले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

पातळ पदार्थ घट्ट करून देण्यास सांगितले असेल, तर त्या रुग्णाला अख्खी फोड देऊ नका आणि साधा रसही देऊ नका. बिनपापुद्र्याचा गर मिक्सरमधून काढून, गाळून, स्पीच थेरपिस्टने सांगितलेल्या प्रमाणात घट्ट करून, ताठ बसवून, छोट्या चमच्याने द्या. एक घोट पूर्ण गिळला गेल्यावरच दुसरा. खाताना खोकला येणे, आवाज ओला-घोगरा होणे किंवा धाप लागणे दिसले तर थांबा. काही रुग्णांना अन्न श्वासनलिकेत गेले तरी ठसकाच लागत नाही, म्हणून ‘खोकला नाही म्हणजे सगळे ठीक’ असे समजू नका.

लहान बाळांसाठी नियम सोपा आहे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर फळ सुरू कराल तेव्हा बिया आणि पापुद्रा काढून गर कुस्करून द्या. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना फोडीचे छोटे तुकडे करून, बसवून द्या. धावता-खेळता नको.

ज्यांच्यासाठी पापुद्रा ठेवलाच पाहिजे

आता उलट बाजू. बद्धकोष्ठ असलेल्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी फोड पापुद्र्यासकट, नीट चावून खावी. एक पेलाभर रसाला तीन-चार संत्री सहज लागतात. तेवढी साखर दोन मिनिटांत पोटात जाते, आणि तिला सावकाश शोषू देणारा चोथा गाळणीत राहतो. एक संत्रे खाणे आणि एक पेला रस पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याला अपवाद एकच: साखर एकदम उतरून घाम, थरथर सुटली असेल तर फोडी चावत बसण्यापेक्षा अर्धा कप रस लवकर काम करतो. रुग्ण शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना वाटते की साल आणि पापुद्रा काढला म्हणजे पोटॅशियम कमी झाले. तसे होत नाही. पोटॅशियम रसात असते. कसेही सोलले तरी प्रमाणच सांभाळावे लागते, आणि ते तुमच्या रक्ततपासणीवरून ठरते. एक पेला रस म्हणजे तीन-चार फळांचे पोटॅशियम, हे डायलिसिसवरच्या रुग्णांनी ध्यानात घ्यावे.

संत्र्याने सर्दी होते, हेही नेहमी ऐकू येते. सर्दी विषाणूमुळे होते. घसा आधीच दुखत असेल तर आंबटपणाने खवखव वाढते, इतकेच. फ्रिजमधले गार फळ थोडा वेळ बाहेर ठेवून मग सोला.

पपनस आणि रोजच्या गोळ्या

पपनस कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या दिवसांत घराघरांत येते. माटोळीलाही बांधतात. सोलायला ते सगळ्यात दांडगे, पण एकदा जमले की सोपे. देठाकडची टोपी कापा, जाड सालीला वरून खाली सहा-सात चिरा द्या आणि अंगठा घालून एकेक पट्टी ओढून काढा. आतला गोळा दोन्ही अंगठ्यांनी फोडा. प्रत्येक फोडीचा पापुद्रा जाड, चामड्यासारखा आणि कडू असतो. मधल्या कडेला चीर देऊन फोड पुस्तकासारखी उघडा. गराचे मोठे दाणे जवळपास कोरडेच सुटे होतात. हा पापुद्रा कोणीच खाऊ नये.

पण कितीही छान सोलले तरी काही औषधे घेणाऱ्यांना पपनस चालत नाही. आतड्याच्या अस्तरात औषधे मोडणारे एक एन्झाइम असते. पपनस आणि त्याच्याच कुळातले ग्रेपफ्रूट यांतली काही द्रव्ये ते बंद पाडतात. मग नेहमीचीच गोळी रक्तात जास्त प्रमाणात पोहोचते. ग्रेपफ्रूटचा हा परिणाम 1989 मध्ये फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवरच्या अभ्यासात योगायोगाने लक्षात आला. कोलेस्टेरॉलसाठीची सिमव्हास्टॅटिन आणि अॅटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाची निफेडिपिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडॅरोन, आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन ही यांतली महत्त्वाची नावे. प्रत्यारोपण झालेल्यांनी पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण टाळावे, प्रसादाची फोडसुद्धा.

“गोळी सकाळी घेते, पपनस संध्याकाळी खाते, मग काय हरकत?” हरकत आहे. बंद पडलेले एन्झाइम शरीराला नव्याने बनवावे लागते आणि त्याला एक ते तीन दिवस लागू शकतात. आणि फळासाठी गोळी चुकवणे हा तर त्याहून वाईट मार्ग आहे. गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवा आणि विचारा. कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत पपनस खाण्यात आले आणि अंग, मांड्या विनाकारण दुखू लागल्या किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आपले नेहमीचे संत्रे आणि मोसंबी यांचा असा त्रास नाही. या गोळ्यांसोबत ती खाता येतात.

सोलणाऱ्याच्या हातांसाठी

बोटांना भेगा किंवा इसब असेल तर सालीच्या तेलाने आग होते. हातमोजे घाला किंवा दुसऱ्याला सोलायला सांगा. संधिवात असलेल्यांना स्वतः सोलायची हौस असते. त्यांना फळ मिनिटभर कोमट पाण्यात ठेवून, सालीला चार चिरा देऊन हातात द्या. बाकी ते करतील. लिंबू पिळल्यावर मात्र हात धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीतली काही द्रव्ये त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले, तर एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड आणि मग काळे डाग उठतात. मुलांच्या हातावर, हनुवटीवर असे विचित्र आकाराचे डाग दिसले की पालक घाबरून येतात. डाग हळूहळू जातात, पण काही आठवडे किंवा महिने लागतात.

सोललेल्या फोडी झाकण असलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. पापुद्रा काढलेला गर लवकर आंबतो. तो रुग्णाच्या उशाशी वाटीत तासन्‌तास उघडा ठेवू नका. खायच्या वेळीच, लागेल तेवढाच सोला.